राखलेली नौका विकताना

शिडाची नौका बाळगणाऱ्या मनुष्याच्या आयुष्यात एक काळ असा येतो की, तिला समुद्रावर नेण्यास लागणारे बळ, सवड अथवा द्रव्य यांपैकी काहीतरी एक त्याच्यापाशी उरलेले नसते, आणि तरीही तिला दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्याचे मन धजत नाही. मग ती नौका बंदरात नांगरावर किंवा किनाऱ्यावर टेकूंच्या आधाराने पडून राहते, मालक अधूनमधून जाऊन तिच्यावर हात फिरवून येतो, आणि विक्रीचा विषय निघाला की पुढच्या मोसमावर ढकलतो. हे वर्तन प्रेमाचे असले तरी हिताचे नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, उत्तम राखलेली नौका तिची स्थिती उत्तम आहे तोवरच विकावी, जो ती चालवील त्याच्याच हाती द्यावी, आणि देताना तिची एकूण एक हकिकत, गुणांची तशीच दोषांची, खरेदीदारापुढे मांडावी.

या मताच्या पुष्ट्यर्थ जिचे उदाहरण प्रथम द्यावे ती नौका आपल्या मुंबईतच बांधली गेली. व्यापारी जहाजावर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रजाने १९६४ साली येथील कारागिरांकडून सागवानाची बत्तीस फुटी ‘सुहैली’ पुरी करून घेतली आणि पुढे तीतूनच तो इंग्लंडला गेला. एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची कल्पना त्याच्या मनात आली तेव्हा त्याला हवी होती नवी, मोठी, पोलादी नौका. कॉलिन म्युडी या नौकारचनाकाराने तिचा आराखडाही केला, परंतु खर्चाचा भार उचलणारा आश्रयदाता काही मिळेना. अखेर १४ जून १९६८ रोजी तो फालमथहून निघाला तो जुन्या सुहैलीतूनच, आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, त्याच बंदरात परतला. ही प्रदक्षिणा ‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतीतली होती, आणि तीत उतरलेल्या नऊ जणांपैकी प्रदक्षिणा पुरी करून परतलेला तो एकटाच होता.

त्या प्रवासातला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. अटलांटिकमध्ये असतानाच सुहैलीच्या तळाकडील फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन वारंवार पाण्यात बुडी मारून त्या सांध्यांत कापूस ठाशी, वर कॅनव्हासची पट्टी खिळवी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकी. बांधणीपासून ज्याने तिला पाहिले होते त्याला कोठे हात घालावयाचा हे ठाऊक होते. तीच नौका आदल्या आठवड्यात विकत घेऊन निघालेल्या मनुष्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नौकेचे लाकूड, तारा आणि शिडे विकता येतात; तिच्याविषयीचे ज्ञान मात्र विक्रेत्याने बुद्धिपुरस्सर दिल्यावाचून खरेदीदाराकडे जात नाही.

याच सुहैलीच्या उत्तरायुष्यात दुसरा बोध आहे. कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेली ही नौका पुढे ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मोठ्या सन्मानाने ठेवण्यात आली. पण तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या, म्हणून नॉक्स-जॉन्स्टन यांनी २००२ साली तिला बाहेर काढले आणि दीर्घकाळ चाललेल्या दुरुस्तीनंतर पुन्हा पाण्यावर आणले. सन्मानाने ठेवलेल्या नौकेची जर ही गत, तर मालकाच्या सवडीची वाट पाहत आमच्या दमट, खाऱ्या हवेत चार चार पावसाळे काढणाऱ्या नौकेची काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. फायबरची नौका लाकडाप्रमाणे आकसत नाही हे खरे; परंतु न फिरविलेले नळ जाम होतात, न चालविलेले इंजिन आतून गंजते, आणि उन्हात राहिलेल्या शिडाची शिवण बोटाने उसवू लागते.

म्हणून ‘उत्तम राखलेली’ या विशेषणाचा अर्थ विक्रेत्याने आधी स्वतःशी तपासला पाहिजे. चकचकीत रंग आणि घासून लखलखीत केलेली पितळी कडी पाहून भुलणारे गिऱ्हाईक पुष्कळ असते. जाणकार मात्र प्रथम पायाखालच्या फळ्या उचलून तळात पाणी आहे काय, असल्यास ते खारे की गोडे, आणि त्यावर तेलाचा तवंग आहे काय, हे पाहतो. डोलकाठीला ताणून धरणारी पोलादी तार वरून निर्मळ दिसते, पण ती टोकाच्या नळीत जेथे शिरते तेथे पाणी साचून आतून खाल्ली जाते. म्हणूनच दहा-बारा वर्षांनी या तारा बदलाव्यात असा जाणत्यांचा संकेत आहे. समुद्राचे पाणी आत घेणारे नळ साध्या पितळेचे असले तर त्यांतील जस्त कालांतराने निघून जाते, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो, आणि एखाद्या रात्री नुसत्या धक्क्याने तो तुटून नौका बुडू शकते. तार केव्हा बदलली, नळ कोणत्या धातूचे आहेत, कण्याचे बोल्ट शेवटचे केव्हा पाहिले, इंजिन किती तास चालले, नौका कधी खडकाला अगर वाळूला लागली काय, या प्रश्नांची उत्तरे ज्या मालकाच्या नोंदवहीत तारीखवार मिळतात, त्याचीच नौका खऱ्या अर्थाने राखलेली म्हणावी.

येथे कायद्याचा आधार घेऊन मौन पाळण्याचा मोह होतो. आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६व्या कलमाचा सामान्य रोख असा आहे की, काही अपवाद वगळता, मालाच्या प्रतीविषयी विक्रेत्याची गर्भित हमी मानली जात नाही. पारखून घेण्याची जबाबदारी घेणाराची. फसवणुकीला अर्थातच थारा नाही, परंतु न विचारलेला दोष न सांगणाऱ्या खाजगी विक्रेत्याला बहुधा बरीच मोकळीक राहते. घरातले कपाट विकताना ही मोकळीक क्षम्य मानता येईल. नौकेच्या बाबतीत ती मुळीच क्षम्य नाही, कारण येथे घेणारा आपल्या पैशाबरोबर आपला आणि बायकामुलांचा जीवही त्या तळावर ठेवणार असतो. बैल विकणारा सचोटीचा शेतकरी तो जुवाच्या कोणत्या अंगाला चालतो आणि कशाला बुजतो हे न विचारता सांगतो. नौका विकणाराने याहून कमी सांगणे शोभत नाही.

व्यवहाराची रीतही याच तत्त्वाला धरून असावी. खरेदीदाराने इसार द्यावा, तो स्वतंत्र तज्ज्ञाच्या तपासणीस अधीन असावा, ती तपासणी नौका पाण्याबाहेर काढून तळ उघडा ठेवून व्हावी, आणि नंतर मालकाने स्वतः बरोबर जाऊन सर्व शिडे उभारून दाखवावीत. तपासणीत निघालेल्या दोषाबद्दल किंमत कमी करण्यास विक्रेत्याने कांकूं करू नये. खरेदीखतात नौकेबरोबर जाणाऱ्या जिनसांची यादी तपशीलवार असावी, नौकेवर कोणाचे कर्ज अथवा बोजा नाही याची लेखी कबुली असावी, आणि जुन्या पावत्यांसह नोंदवहीचे सारे दप्तर त्याच दिवशी सुपूर्द व्हावे. किमतीविषयी एवढेच सांगावयाचे की, राखण्यात खर्चलेला पैसा विक्रीतून परत मिळत नाही. त्याचा मोबदला मालकाला समुद्रावर मिळून चुकलेला असतो. मात्र त्या खर्चाचा दस्तऐवज असलेल्या नौकेने कागद नसलेल्या नौकेहून अधिक मोल मागणे न्याय्य आहे, आणि शहाण्या खरेदीदाराने ते खळखळ न करता द्यावे.

एक नौका अनेक हातांनी चालावी यात तिचे वैभव आहे, हे आपल्याच देशातील अलीकडच्या इतिहासाने दाखविले आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांच्या त्या मोहिमेत साहाय्यक असलेल्या अभिलाष टोमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती केली. ‘तारिणी’तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगाला वळसा घालून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये तीच तारिणी दोन महिला अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा निघाली व सुखरूप परतली. हे हस्तांतर नौदलाच्या शिस्तीत झाले. तेथे नौकेबरोबर तिची माहितीही पुढच्या हातात गेली. खुद्द टोमी यांनी २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी जुन्या बनावटीची रस्टलर ३६ जातीची नौका घेतली आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळविला. या शर्यतीचा नियमच असा की, नौकेची रचना १९८८ पूर्वीची असली पाहिजे. जुनी नौका निकामी असते या समजुतीला यापेक्षा ठाम उत्तर आणखी कोणते हवे?

आपल्या किनाऱ्यावर लहान होड्यांतून शिडे हाताळण्यास शिकलेली मुले-मुली आता पुष्कळ आहेत. दूरच्या सफरीची नवी नौका घेणे त्यांपैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांना समुद्राचे दार उघडेल ते एखाद्या ज्येष्ठाने नीट राखलेल्या आणि रास्त दरात दिलेल्या जुन्या नौकेनेच. नौकानयनाच्या क्लबांनी अशा विक्रीसाठी तपासणीची आणि नोंदवहीची एक ठराविक रीत घालून द्यावी, सभासदांनी ती पाळावी, आणि विकत घेणाऱ्यांनीही नोंदवही दाखविल्यावाचून इसार देऊ नये. आणि ज्यांच्या नौका गेली काही वर्षे नांगरावरून हललेल्या नाहीत, त्या मालकांना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या पावसाळ्यानंतर स्वतः ती बाहेर काढणे जमणार नसेल, तर पावसाळ्यापूर्वीच तिच्यासाठी नवा धनी शोधावा.