दोन विषाणूंची गाठ पडू नये म्हणून

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. बरूक ब्लमबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाचा हा जन्मदिवस. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले. ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे आहे, हे पुढे उघड झाले. त्यातूनच रक्ताची तपासणी आली, लस आली आणि १९७६मध्ये ब्लमबर्ग यांना नोबेल मिळाले.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या संग्रामपूर तालुक्यात ऐन पावसाळ्यात कुणाला कावीळ झाली की पहिला संशय पाण्यावर जातो. तो चुकीचाही नाही. खारपाणपट्ट्यातल्या ज्या गावांनी वर्षानुवर्षे खारे पाणी पिऊन मूत्रपिंडाचे आजार सोसले, ती गावे पाण्याला घाबरणारच. दूषित पाण्यातून ए आणि ई प्रकारची कावीळ होते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय कावीळ उतरवणाऱ्याच्या पदरात पडते. पण ज्याला लोक पांढरी कावीळ म्हणतात, त्या हिपॅटायटिस बीचा पाण्याशी काडीचाही संबंध नाही. तो रक्तातून, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. डोळे पिवळे होतीलच असेही नाही. माणूस वीस-तीस वर्षे शेतात राबतो, लग्नकार्ये उरकतो आणि एक दिवस पोटात पाणी होऊन दवाखान्यात पोचतो, तेव्हा यकृत निकामी झालेले असते किंवा तिथे कर्करोगाची गाठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२मध्ये भारतात अशा दीर्घकालीन संसर्गासह जगणारे २ कोटी ९८ लाख लोक होते. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही.

या विषाणूचा एक गुण आज मुद्दाम सांगायला हवा, कारण त्याची चर्चा प्रयोगशाळेबाहेर फारशी होत नाही. त्याची सगळी जनुकीय लिपी जेमतेम ३,२०० अक्षरांची. जागा इतकी अपुरी की एकाच ओळीत दोन-दोन जनुके एकमेकांवर चढवून लिहिलेली असतात. एवढ्याशा मजकुरात ८ टक्क्यांच्या आसपास फरक पडला की शास्त्रज्ञ त्याला वेगळा जनुकप्रकार मानतात आणि ए, बी, सी, डी अशी नावे देतात. ही नावे हिपॅटायटिस बीच्याच पोटप्रकारांची, पाण्यातून होणाऱ्या ए किंवा ई काविळीची नव्हेत. आपल्या पश्चिम भारतात मुख्यतः डी आणि ए हे प्रकार आढळतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ते २००३ सालीच नोंदवून ठेवले आहे. पूर्वेकडे आणि ईशान्येकडे सी प्रकारही भेटतो.

आता असे समजा की एकाच माणसाच्या शरीरात दोन प्रकार शिरले आणि यकृताच्या एकाच पेशीत त्यांची गाठ पडली. हा विषाणू आपली प्रत आधी आरएनएमध्ये काढतो आणि तिच्यावरून पुन्हा डीएनए लिहितो. या उलटसुलट लिखाणात चुका तपासणारे कुणी नसते. त्यातच एका प्रकाराचा तुकडा दुसऱ्याच्या लिपीत जोडला जातो आणि पुढच्या पिढीचा विषाणू दोघांचा वारसा घेऊन बाहेर पडतो. आशियात पसरलेल्या बी प्रकाराच्या मोठ्या शाखेत सी प्रकाराचा तुकडा असाच येऊन बसला आहे. जपानमधल्या बी शाखेत तो नाही. तिबेटच्या भागात सी आणि डी यांचे मिश्रण मिळाले. ही सरमिसळ सहज नजरेत येत नाही. आवरणाचे एकच जनुक वाचले तर अहवालात एक प्रकार येतो, गाभ्याचे वाचले तर दुसरा. संपूर्ण लिपी वाचल्याशिवाय खरी ओळख पटत नाही.

या शोधात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. २००८मध्ये व्हिएतनाममधून एका गुंतागुंतीच्या मिश्र विषाणूची बातमी आली. त्यात ए, सी आणि जी या तीन प्रकारांचे धागे असल्याचे संशोधकांनी म्हटले. डॉ. विद्या अरणकल्ले आणि पुण्याच्या विषाणू संस्थेतले त्यांचे सहकारी तेव्हा दिब्रुगडच्या वैद्यकीय संशोधन केंद्राबरोबर ईशान्य भारतातल्या एका आदिम जमातीतल्या संसर्गाचा अभ्यास करत होते. तिथल्या विषाणूची संपूर्ण लिपी त्यांनी वाचली आणि ती व्हिएतनाममधल्या त्या मिश्र विषाणूशी जुळली. २०१०मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. या विषाणूला आय असा स्वतंत्र प्रकार मानायचा की नाही, यावर वाद झाला. वाद कसाही सुटो. डोंगरात, रस्त्यापासून दूर राहणाऱ्या लोकांच्या रक्तातही विषाणूचा इतिहास लिहिलेला असतो, हे त्यातून कळले. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबारवा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या आपल्या भिल्ल, कोरकू, निहाल बांधवांकडे आरोग्य यंत्रणेने याच आस्थेने पाहिले पाहिजे. पाहायचे ते रक्ताचे नमुने गोळा करण्यापुरते नव्हे, उपचार दारापर्यंत पोचवण्यासाठी.

विषाणूंची गाठ आपोआप पडत नाही, ती माणूस घालून देतो. २००९च्या सुरुवातीला गुजरातमध्ये मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे जीव गेले. कारण निघाले वापरलेल्या सिरिंज. एका माणसाचे रक्त सुईवाटे दुसऱ्याच्या शरीरात गेले. आजही खेड्यात ताप आला की सुई मागणारे रुग्ण आहेत आणि नव्या सिरिंजचे पाकीट समोर न फोडता ती टोचणारे आहेत. जत्रेत एकाच सुईने दहा जणांच्या हातावर गोंदले जाते. जुन्या संसर्गात दुसऱ्या प्रकाराची भर पडण्याचे मार्ग हेच.

एवढे असूनही भीतीपेक्षा दिलासा मोठा आहे. विषाणूने कितीही रूपे घेतली तरी त्याच्या आवरणाचा मुख्य भाग बहुतेक सारखाच राहतो आणि लस नेमके त्यालाच ओळखायला शरीराला शिकवते. म्हणून ए असो, डी असो की मिश्र, लस तीच. फक्त ती वेळेवर हवी. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो आयुष्यभराचा होतो. प्रौढपणी झाला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत. पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत देण्याचा आग्रह यासाठीच आहे.

आणि इथेच घोडे अडते. लसीची कुपी दहा मात्रांची असते, बाळाला लागतो त्यातला अर्धा मिलिलिटर. छोट्या केंद्रात रात्री एकच बाळंतपण झाले तर एका बाळासाठी कुपी फोडायची का, नऊ मात्रा वाया जातील, असे सिस्टरच्या मनात येते. त्यात त्यांचा दोष नाही. काटकसर त्यांच्या अंगी बाणवलेली आहे. पण शासनाचाच नियम असा आहे की, नीट थंड ठेवलेली आणि तारीख लिहिलेली उघडी कुपी अठ्ठावीस दिवसांपर्यंत वापरता येते. कुपी जरूर फोडावी. मात्र ती बर्फात गोठू देऊ नये. गोठलेली लस निकामी होते. घरी झालेल्या बाळंतपणात तर आशाताईंना वेळेत निरोप मिळणे हाच सगळा प्रश्न असतो, आणि तो निरोप घरच्यांनीच द्यायचा आहे.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८मध्ये २८ जुलैलाच सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. संसर्ग असला तरी विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत. मात्र त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मध्येच सोडायच्या नाहीत. संसर्ग असलेल्या माणसाबरोबर एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही, त्यामुळे त्याला वेगळे बसवण्याचे काही कारण नाही. तालुक्यातल्या प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी झालीच पाहिजे, आणि अहवाल पॉझिटिव्ह आला तर बाळंतपण रुग्णालयातच व्हावे, कारण अशा बाळाला लसीसोबत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. घरात बाळ जन्मले की वजन विचारता, वेळ विचारता. त्याच दमात हेही विचारा की हिपॅटायटिस बीची लस टोचली का, आणि माता-बाल कार्डावर तिची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच बाळाला घरी न्या.