विश्लेषण : कूलंटमध्ये तेल दिसले, म्हणजे इंजिन खोलायलाच हवे का?

बॉनेट उघडल्यावर कूलंटच्या टाकीत हिरव्या किंवा गुलाबी द्रवाऐवजी चॉकलेटी, सायीसारखा घट्ट थर दिसला, की बहुतेक गॅरेजमध्ये एकच निकाल ऐकायला मिळतो : ‘हेड पॅकिंग गेले.’ कधी कधी तो खराही असतो. मात्र अनेक गाड्यांत दोष इंजिनाच्या पोटात नसतो, तर बाहेरून बसवलेल्या लहानशा ऑइल कूलरमध्ये असतो. पहिल्या कामात हेड उतरवून लेथवर न्यावे लागते. दुसऱ्यात काही बोल्ट सोडवून सील किंवा कूलर बदलला की भागते. दोन्ही बिलांतला फरक मोठा असतो आणि तो ठरतो निदानाच्या एखाद्या तासावर.

तेल आणि कूलंट एकत्र येतात कुठे?

इंजिनात तेल आणि कूलंट यांचे मार्ग स्वतंत्र असले, तरी काही ठिकाणी ते अगदी शेजारून जातात. पहिली जागा हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत हेड पॅकिंग. दुसरी, हेडला किंवा ब्लॉकला गेलेला तडा. तिसरी जागा ऑइल कूलर. अनेक डिझेल आणि टर्बो गाड्यांत तो ऑइल फिल्टरच्या बैठकीलाच जोडलेला असतो. त्यात पातळ पत्र्याच्या एका बाजूने गरम तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. पत्रा गंजला किंवा रबरी सील कडक झाले, की दोन्ही एकमेकांत मिसळतात. चौथी जागा काही स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाड्यांत असते : गिअरबॉक्सचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच बसवलेली असते.

तेल कूलंटमध्ये जाते, कूलंट तेलात का दिसत नाही?

याचे उत्तर दाबात आहे. इंजिन चालू असताना तेलाचा दाब साधारण ३ ते ५ बार असतो, तर कूलंटचा दाब रेडिएटरच्या झाकणानुसार १ ते दीड बारच्या आसपास राहतो. त्यामुळे ऑइल कूलर फुटला की तेल कूलंटमध्ये ढकलले जाते. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ आणि कूलंटची टाकी मात्र तेलकट, असे चित्र दिसल्यास संशयाची सुई आधी ऑइल कूलरकडे वळायला हवी. इंजिन बंद केल्यावर परिस्थिती उलटते. तेलाचा दाब शून्यावर येतो, पण गरम कूलंटचा दाब काही काळ टिकतो. तेव्हा कूलंट उलट दिशेने तेलात शिरू शकते. म्हणून ‘अजून तेल स्वच्छ आहे, महिनाभर चालवू’ हा हिशेब धोक्याचा आहे. तेलात मिसळलेले ग्लायकॉल बेअरिंगवरचा तेलाचा थर मोडते आणि मग खरोखरच इंजिन खोलावे लागते.

प्रत्येक चॉकलेटी थर तेलाचाच असतो का?

नाही. साधे पाणी भरून चालवलेल्या गाडीत गंज साचतो आणि तोही तपकिरीच दिसतो. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र केल्यास कधी कधी चिकट गाळ तयार होतो. गळती थांबवण्यासाठी टाकलेली पावडरही टाकीत असाच थर धरते. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे थंड इंजिनाच्या टाकीतला थोडा थर बोटांवर घेऊन साध्या पाण्याखाली धरणे. गंज धुऊन जातो, तेलाचा ओशटपणा तसाच राहतो. कागदावर ठेवलेला थेंब वाळल्यावर पारदर्शक डाग उरला, तर ते तेल समजावे.

याउलट, तेल भरायच्या झाकणाखाली दिसणारी पांढरट साय नेहमीच वाईट बातमी नसते. पावसाळ्यात किंवा थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसे तापत नाही आणि बाष्प तिथे साचते. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी घटत नसेल, तर केवळ त्या सायीवरून हेड उतरवू देऊ नये.

निदान कोणत्या क्रमाने व्हावे?

स्वस्त चाचणी आधी, खोलणे सर्वांत शेवटी. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीवर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब द्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे काटा पाहावा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नसेल, तर गळती आत आहे. दुसरी चाचणी टाकीतल्या वायूची. निळ्या रसायनातून तो वायू ओढला आणि रसायन पिवळे पडले, तर सिलिंडरमधला ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत आहे. हा हेड पॅकिंग किंवा तडा यांचा भक्कम पुरावा आहे. थंड इंजिन सुरू करताच पाइप कडक होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे ही त्याच दोषाची लक्षणे. ही लक्षणे नसतील, तर ऑइल कूलर काढून त्याची तोंडे बंद करावीत, हवेचा दाब द्यावा आणि तो पाण्यात बुडवावा. बुडबुडे आले की प्रश्न मिटला. काही तडे गरम झाल्यावरच उघडतात, त्यामुळे कूलर निर्दोष ठरल्यास कॉम्प्रेशन आणि लीक-डाऊन चाचणी करून मगच हेडला हात लावावा.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीत घाई का करावी?

कारण तिथे इंजिनाआधी गिअरबॉक्स जातो. गिअरबॉक्सचे लाल तेल कूलंटमध्ये मिसळले की टाकीत गुलाबी, मिल्कशेकसारखा द्रव दिसतो. तेवढेच कूलंट गिअरबॉक्सकडेही जात असते. आतल्या क्लच प्लेटचे अस्तर पाणी शोषते, फुगते आणि सुटू लागते. अमेरिकेत २००५ ते २०१० या वर्षांतल्या निसानच्या पाथफाइंडर, एक्स्टेरा आणि फ्रंटियर या गाड्यांत हा दोष इतका गाजला, की ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि रेडिएटरची वॉरंटी वाढवली गेली. असा द्रव दिसल्यास गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नये, टो करून न्यावी.

दोष काढल्यावर सफाई कशी करावी?

इथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. आधी दोषी भाग बदलायचा, मगच सफाई, हा पहिला नियम. उरलेले तेल रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्यांत थर धरते, उष्णता बाहेर पडू देत नाही आणि घाटात काटा पुन्हा लाल रेषेकडे सरकतो.

थर्मोस्टॅट काढून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, तेल काढणारे आणि फेस न करणारे क्लीनर पाण्यासोबत फिरवावे. इंजिन तापवून ते पाणी काढावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. एका फेरीत काम होत नाही. भांड्याच्या साबणाचा फेस कूलंटच्या पंपाला नीट काम करू देत नाही. डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल टाकणे तर घातकच : ते पेट घेऊ शकते आणि रबर खराब करते. ॲसिडने ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कूलंटचे रबरी पाइप तेलाने फुगतात आणि मऊ पडतात, त्यामुळे असे पाइप, थर्मोस्टॅट आणि टाकीचे झाकण बदलणेच योग्य. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने खळखळून, कंपनीने सांगितलेल्या जातीचे कूलंट भरावे आणि हवा काढावी. इंजिन ऑइल आणि फिल्टरही त्याच वेळी बदलावे. शंभर आणि पाचशे किलोमीटरनंतर टाकी पुन्हा पाहावी. पाइपांत उरलेला हलका तवंग सुरुवातीला दिसू शकतो, तो वाढत असेल तर दोष कायम आहे.

काढलेला हा द्रव गटारात ओतण्याची सवय मात्र मोडायला हवी. ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात. वापरलेले तेल तर २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते.

ग्राहकाने काय मागावे?

विम्याचा इथे फारसा आधार नाही. नेहमीच्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. त्यामुळे संपूर्ण भार मालकावर येतो. त्यात एका गाडीवर घर चालवणारा टॅक्सीवाला असतो आणि जुनी गाडी हप्त्यांवर घेतलेले कुटुंबही. म्हणूनच हेड उतरवण्याच्या संमतीपूर्वी कोणत्या चाचण्या केल्या, हे लेखी मागणे हा उद्धटपणा नव्हे. चांगला मेकॅनिक काटा आणि रसायनाचा रंग स्वतःहून दाखवतो. बदललेले जुने भाग परत मागावेत, बिलात भाग आणि मजुरी वेगळी लिहून घ्यावी. चुकीच्या निदानाचे पैसे घेतले गेले असतील, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ती सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि दोन वर्षांच्या आत स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो. तिथे उपयोगी पडतात ती हीच कागदपत्रे आणि थर दिसला त्या दिवशी मोबाइलवर काढलेले टाकीचे छायाचित्र.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र घरचाच आहे. महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कूलंटची टाकी आणि डिपस्टिक पाहायला दोन मिनिटे लागतात. रंग बदलल्याचे त्या दिवशी कळले, तर काम बहुधा सील किंवा कूलर बदलण्यावर निभावते. उशिरा कळले तर इंजिनाचे काम काढावे लागते.