डार्क चॉकलेट आणि रक्तदाबाची गोळी

पुण्या-मुंबईकडे नोकरीस असलेली मुले हल्ली सणासुदीला गावी येताना आई-वडिलांसाठी डार्क चॉकलेट आणतात आणि ‘हृदयाला चांगले असते’ असे आवर्जून सांगतात. आमच्या शिरपूरलाही हा पाहुणा आता नवा राहिलेला नाही. अलीकडेच तपासणीस आलेल्या साठीतील एका गृहस्थांचा रक्तदाब १७०/१०० भरला. गोळी महिनाभर बंद होती. रात्रीच्या जेवणानंतर चॉकलेटच्या चार वड्या मात्र न चुकता चालू होत्या. आपल्या घरातही कोणी असा अदलाबदलीचा विचार करीत असेल, तर पुढील मजकूर त्यांना अवश्य वाचून दाखवा.

या समजुतीत तथ्यच नाही, असे नव्हे. कोकोच्या बियांत फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरात नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार होते, वाहिनीच्या भिंतीतील स्नायू सैलावतात आणि रक्ताला वाट मोकळी मिळते. पनामाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणाऱ्या कूना लोकांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही. पण तेच लोक शहरात राहावयास गेले की वाढतो, असे नॉर्मन हॉलेनबर्ग या अमेरिकी डॉक्टरांना आढळले. बेटावरची मंडळी दिवसभर कोकोचे पेय पीत. अर्थात शहरात गेल्यावर माणसाचा केवळ कोकोच सुटतो असे नाही; चालणे, मासळी, निवांतपणा हेही मागे राहते.

मग फरक पडतो तरी किती? २०१७ साली ३५ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कोकोमुळे रक्तदाब सरासरी २ अंकांहूनही कमी उतरलेला दिसला. ज्यांचा आधीच वाढलेला होता त्यांच्यात सुमारे ४. बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचेच होते, आणि काहींत दिवसाला १०० ग्रॅमपर्यंत चॉकलेट दिलेले होते! नेहमीच्या मात्रेतील एक साधी गोळी वरचा आकडा सुमारे ९ अंकांनी खाली आणते. १७०च्या माणसाने यातले काय निवडावे, हे वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेत २१,४४२ ज्येष्ठांवर साडेतीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. हृदयविकाराने होणारे मृत्यू कोको घेणाऱ्यांत कमी आढळले, ही आशादायक बाब. परंतु हृदयविकाराचा झटका, पक्षाघात इत्यादी साऱ्या घटना एकत्र मोजता ठोस घट सिद्ध झाली नाही. शिवाय तेथे चॉकलेट दिलेच नव्हते, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल असलेल्या कॅप्सूल होत्या. या चाचणीच्या खर्चात एका चॉकलेट कंपनीचा वाटा होता, हेही ध्यानात असू द्यावे.

दुकानातल्या वडीची गोष्ट निराळी. बिया आंबवताना व भाजताना फ्लॅव्हॅनॉल घटतात. कडवटपणा घालवण्यासाठी अल्कलीची प्रक्रिया केली तर फारच थोडे उरतात. वेष्टनावरील ‘७० टक्के’ हा आकडा कोकोचा असतो, फ्लॅव्हॅनॉलचा नव्हे. स्वस्त ‘कंपाउंड’ चॉकलेटमध्ये तर कोको बटरऐवजी वनस्पती तेल असते. उष्मांकही विसरू नयेत: २० ग्रॅम डार्क चॉकलेटमधून सुमारे १२० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे एका पोळीहून किंचित अधिक. साखर कमी असली तरी ती असतेच. मधुमेहींनी ती हिशेबात धरावी.

आवडत असेल तर एक-दोन वड्या खुशाल खा, पण पेढ्याच्या जागी, पेढ्यानंतर नव्हे. आवडत नसेल तर औषध म्हणून गिळण्याचे कारण नाही. त्या पैशांत घरात शेंगदाणे आणि जवस येतील. जवसाच्या चटणीत मीठ मात्र बेताने घाला.

माझ्या अनुभवात गोळी सुटते ती चॉकलेटच्या मोहाने क्वचितच. ‘एकदा लागली की जन्माची सवय’ ही धास्ती असते, किंवा गोळीने काही त्रास होत असतो आणि तो सांगायचा राहून जातो. एका प्रकारच्या गोळीने पावलांवर सूज येते, दुसरीने कोरडा खोकला. दोहोंना पर्याय आहेत. गोळी परस्पर बंद न करता तो त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला; आणि गेल्या महिन्याभरात रक्तदाब मोजला नसेल, तर जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात तो विनामूल्य मोजून मिळतो.