ध्रुवपद म्हणजे कोरस नव्हे

चर्चमध्ये गाणी पडद्यावर दाखवायला ओपन-एलपी नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. फाइल द्यायची, 'इंपोर्ट' म्हणायचं, झालं! निदान इंग्रजी गाण्यांचं तरी होतं. शहागंजच्या आमच्या घरापासून जवळच्या एका चर्चसाठी गेले काही शनिवार मी हेच काम मराठी गाण्यांवर करतोय, आणि माझं मत पक्कं होत चाललंय: हे काम 'कॉम्प्युटरवाल्या पोरावर' सोडू नये.

पहिलं लफडं फॉन्टचं. जुन्या फाइली डीटीपीवाल्यांनी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तिथे पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेला असतो इंग्रजी 'डी'. वर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर! युनिकोडमध्ये नेमकं उलटं. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. कन्व्हर्टर बरंचसं करतो, पण जोडाक्षरात हमखास गडबडतो. त्यात 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप करता येतो. दिसायला सारखाच, पण शोधायला गेलात तर गाणं सापडत नाही. ऐन उपासनेत!

दुसरं लफडं जास्त गमतीचं. सॉफ्टवेअरला कडवं, कोरस, ब्रिज कळतं. आपल्या अभंग-पदांत ध्रुवपद आधी येतं आणि पुढच्या कडव्यांनंतर पुष्कळदा त्याची पहिलीच ओळ घोळवतात. 'कोरस' म्हणून अख्खं ध्रुवपद दर वेळी पडद्यावर आलं की गाणारे एकीकडे आणि पडदा दुसरीकडे. उपाय सोपा आहे. पूर्ण ध्रुवपद 'कोरस'मध्ये, टेकेची ओळ 'अदर' या प्रकारात, आणि क्रम आपण लिहायचा. पण टेक कुठे धरायची हे सांगणार कोण? पेटीवर बसणाऱ्या मावशी. मॅन्युअल नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, 'उपासना संगीत'च्या पानाचे फोटो काढून दाखवा की! दाखवा. पण फोटोत शब्द शोधता येत नाही, मागच्या बाकावरच्या आजोबांसाठी अक्षर मोठं करून ओळी नीट मोडता येत नाहीत.

आणि खरा मुद्दा पुढे आहे. पडदा आला की हातातलं पुस्तक सुटतं. मग जे गाणं फाइलीत नाही ते गायलंच जात नाही. कुणी ठरवून वगळत नाही, टाइप केलं नाही म्हणून गळतं. 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंचे यजमान, रेव्हरंड ना. वा. टिळक, १९१९ साली वारले. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंग-ओवीचा मराठी बाज दिला. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे त्यांची पदं केव्हाच मोकळी झालीत. म्हणजे कायद्याची अडचण नाही, अडचण फक्त आळसाची. (नव्या गाण्यांना परवानगी लागते, ते वेगळं.)

म्हणून माझं म्हणणं: एकदाच, युनिकोडमध्ये, पुस्तकातला क्रमांक टाकून, जाणत्या माणसाकडून तपासून फाइल करा. ओपन-लिरिक्स या खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी गाणी राहतील. आणि शेजारच्या चर्चलाही द्या.

कुठली गाणी आधी टाइप करायची ते मात्र आज्यांना विचारा. त्यांना पाठ आहेत, तोवरच.