सूक्ष्मतेच्या नावाखाली

टिटवाळ्याच्या स्टेशनाबाहेर एक दुरुस्तीवाले बसतात. पूर्वी रेडिओ, मग टेप, आता मोबाइल. गेल्या अंगारकीला महागणपतीचे दर्शन आटोपून परतताना मी माझा दोन वर्षांचा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. बॅटरी फुगली होती, इतकेच. आदल्या दिवशी एका मोठ्या दुकानात मला शास्त्र ऐकवण्यात आले होते : "आता सगळे फार बारीक झाले आहे, काका. दुरुस्ती होत नाही. नवा घ्या, सवलत आहे!"

हे 'बारीक झाले' प्रकरण जरा तपासून पाहू.

बारीक झाले, हे खोटे नव्हे. 1960 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हे गणकयंत्र चालू झाले. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या. आज नखाएवढ्या चकतीवर हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर मावतात. त्यापायी शास्त्रज्ञांनी सोसलेले हालही खरेच. ट्रान्झिस्टरमधला विद्युत्‌रोधक थर झिजवत झिजवत सव्वा नॅनोमीटरवर, म्हणजे चारपाच अणूंच्या जाडीवर आला, तेव्हा इलेक्ट्रॉन त्यातून आरपार झिरपू लागले. बंद केलेला नळ ठिबकावा तसे! हे ठिबकणे म्हणजे उष्णता. 2007 च्या सुमारास हॅफ्नियमचा जाड थर घालून ते आवरावे लागले. पुढे रेषा आखायला साधा प्रकाश जाड पडू लागला, म्हणून वितळलेल्या कथलाच्या थेंबांवर, सेकंदाला 50,000 थेंबांवर, लेसर मारून 13.5 नॅनोमीटरचा प्रकाश काढतात. तो हवेतही शोषला जातो, म्हणून सारा खेळ निर्वातात. या पराक्रमाला माझा नमस्कार आहे.

पण व्यापाऱ्याला नाही! जाहिरातीतल्या '3 नॅनोमीटर' चिपमध्ये 3 नॅनोमीटरची म्हणावी अशी एकही वस्तू नसते. दोन गेटमधले अंतरच पन्नासच्या आसपास असते. ते माप नव्हे, बारशाचे नाव.

आणि दुरुस्तीचे म्हणाल, तर चिपच्या पोटात हात घालायला कोण सांगतो? निर्वात नळीच्या पोटात तरी कोणी हात घालीत होते काय? नळी गेली की ती खोबणीतून उपसायची अन् दुसरी बसवायची. बिघाड नळीत, शहाणपण खोबणीत. आज गेली ती खोबणी; आणि ती अणूंनी नेली नाही. बॅटरी काही नॅनोमीटरची नसते, चांगली तळहाताएवढी असते. तिला डिंक कोणत्या भौतिकशास्त्राने लावला? मंडळाचा नकाशा दडवून ठेवायला कोणत्या इलेक्ट्रॉनने सांगितले?

बारीकपणाने कारागिराचे हात थांबलेले नाहीत. आमचे दुरुस्तीवाले सूक्ष्मदर्शकाखाली गरम हवेच्या नळीने 0.4 बाय 0.2 मिलिमीटरचे तुकडे उचलतात. तिळावर डझनावारी मावतील असे! त्यांना अडवतो तो डिंक आणि न मिळणारा सुटा भाग. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाइलही घेतला. पण समितीने डिंक सुटत नाही. तो कायद्यानेच सोडवावा लागेल, आणि तोवर गिऱ्हाइकाने दुकानात 'उघडतो का?' एवढे विचारूनच पैसे मोजावेत.

माझा मोबाइल त्यांनी उघडला. "काच गेली तर मला बोल लावू नका," असे आधी बजावून घेतले. डिंक तापवून सोडवायला तास गेला, बॅटरी बदलायला पाच मिनिटे. काच शाबूत राहिली. कसाऱ्याहून येणारी लोकल मात्र चुकली.