गाडी जुनी, हक्क मात्र शाबूत

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर चारचाकी गाडी ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. आजारी वडिलांना रात्री-अपरात्री मुंबईच्या रुग्णालयात न्यायचे असो, मुलीला परीक्षेसाठी पनवेलला पोहोचवायचे असो, की घरगुती निवासासाठी येणाऱ्या पाहुण्यांना मांडव्याच्या धक्क्यावरून आणायचे असो, गाडीवाचून अडते. नवी गाडी आवाक्यात नसते. मग शिक्षक, बागायतदार, छोटा दुकानदार जुन्या गाडीचा विचार करू लागतो. ओळखीतला एखादा मध्यस्थ भेटतो. घासूनपुसून चकचकीत केलेली गाडी दाखवली जाते. ‘एकाच हातची आहे, फारशी चाललेलीच नाही,’ असे सांगितले जाते. अर्ध्या तासाचा फेरफटका होतो, विसार दिला जातो, आणि नारळ फोडून, पेढे वाटून गाडी दारात उभी राहते.

महिनाभरात वडखळहून परतताना कार्लेखिंडीच्या चढावर गाडी धापा टाकू लागते, मागून निळा धूर निघतो. गॅरेजवाला सांगतो, ‘पिस्टन-रिंगा गेल्या आहेत, इंजिन उतरवावे लागेल.’ विक्रेत्याकडे धाव घ्यावी तर उत्तर ठरलेले असते : ‘जुनी गाडी आहे. बघूनच घेतली होतीत ना?’

या एका प्रश्नापुढे बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबे निरुत्तर होतात. जुन्या वस्तूला कसला आला आहे हक्क, अशी समजूत करून घेतात, सोसायटीतून कर्ज काढून इंजिनचे काम करून घेतात आणि गप्प बसतात. ही समजूत कायद्याला धरून नाही आणि या देशाच्या व्यवहारपरंपरेलाही धरून नाही.

परंपरेची साक्ष

जुन्या मालाचा व्यापार हा फसवणुकीला सोयीचा असतो, हे भारतीय विचारवंतांनी फार पूर्वी ओळखले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कंटकशोधन’ नावाचे अधिकरण आहे. समाजजीवनातील काटे कसे काढावेत, हा त्याचा विषय. त्यात व्यापाऱ्यांपासून प्रजेचे रक्षण करण्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याचा आरंभच जुन्या मालापासून होतो. विकणाऱ्याची मालकी निर्विवाद सिद्ध झाल्यावरच जुना माल बाजारात विकू अथवा गहाण ठेवू द्यावा, हे पाहण्याची जबाबदारी कौटिल्याने संस्थाध्यक्ष या अधिकाऱ्यावर टाकली आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने तर खरेदीनंतर माल पारखून घेण्यासाठी मुदतीच ठरवून दिल्या : बियाण्यांना दहा दिवस, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस. बैल बाजारात दात मोजून घेतला तरी तो नांगराला कसा चालतो, हे शेतात जुंपल्यावरच कळते, हे व्यावहारिक शहाणपण त्यामागे होते. ‘बघून घेतले म्हणजे सारे संपले,’ हे तत्त्व इथले नव्हे.

आधुनिक अर्थशास्त्र या प्रश्नाकडे पुष्कळ उशिरा वळले. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. गाडीचे खरे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येकच गाडीला कमी भाव देऊ लागतो, चांगल्या गाडीचा मालक बाजारातून अंग काढून घेतो आणि शेवटी वाईट मालच उरतो. या विचारासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एका लबाड विक्रेत्यामुळे एका ग्राहकाचे नुकसान होते, एवढ्यावर हे थांबत नाही. सचोटीने व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाची पत त्यामुळे घसरते, हा त्यातला खरा बोध.

कायदा काय म्हणतो

२० जुलै २०२० पासून देशात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू आहे. १९८६ च्या कायद्याची जागा त्याने घेतली. मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा तो ग्राहक, अशी त्याची व्याख्या. वस्तू नवीच असावी, अशी अट तीत कुठेही नाही. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने केलेली खरेदी तेवढी वगळली आहे. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ही वगळणूक लागू नाही. म्हणजे मुरुडच्या ज्या तरुणाने पर्यटकांना फिरवून उदरनिर्वाह करण्यासाठी एक जुनी गाडी घेतली, तोही ग्राहकच ठरतो.

माल जुना असल्याने विक्रेत्याची जबाबदारी कमी होते, हे खरे. पण ती संपत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सूत्र असे की, ग्राहकाने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते, त्यांची तक्रार नंतर करता येत नाही. घासलेले टायर, फाटलेली आसने, पत्र्यावरचा गंज हे ग्राहकाने पाहायचे. पण अर्ध्या तासाच्या फेरीत जे कळूच शकत नाही, ते इंजिनच्या पोटातले दुखणे या सूत्रात सहजासहजी बसवता येत नाही. शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार माहीत असलेली गोष्ट हेतुपुरस्सर दडवणे म्हणजे कपट होय. दाट तेल घालून इंजिनचा आवाज दाबणे, धावलेल्या किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे, पुरात बुडालेली गाडी ‘कोरडी’ म्हणून विकणे यांवर ‘जशी आहे तशी’ या तीन शब्दांचे पांघरूण घालता येत नाही. जुना माल नवा म्हणून विकणे, पावती न देणे, सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे या बाबी २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत.

न्यायालयांनीही या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची एक सदोष डिझेल मोटार कोरी करकरीत म्हणून विकली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली कंपनीला कठोर शब्दांत सुनावले. दोष मान्य करण्याऐवजी जबाबदारी झटकत खटला लढवणेच खेदजनक ठरवले. शेजारच्या गोव्यात एका ग्राहकाने २०११ साली नवी गाडी म्हणून पैसे भरले. देऊ केलेली गाडी निघाली २००९ सालची, आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली आणि गंजलेली. हे प्रकरण टाटा मोटर्सच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने निर्मात्या कंपनीला मोकळे केले, पण वितरकावरील दायित्व कायम राहिले. दहा वर्षे चाललेल्या या लढ्यातून एक धडा मिळतो : तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करायची, हे आधी ठरवले पाहिजे. ज्याने माल हाती दिला आणि पैसे घेतले, तो पहिला उत्तरदायी.

इथेच एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. पण शेजाऱ्याने किंवा नातेवाइकाने आपली स्वतःची गाडी एकदाच विकली असेल तर तो व्यापारी नसतो. त्याच्याविरुद्ध सहसा दिवाणी न्यायालयाचीच वाट धरावी लागते. मध्यस्थाने मात्र दलाली घेऊन सेवा दिली असेल, तर सेवेतील त्रुटीचा प्रश्न त्याच्यापुढे उभा करता येतो.

पुराचे पाणी आणि समुद्राचा वारा

रायगडकरांनी या विषयात अधिक सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात आणि पुन्हा जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीच्या पाण्याने महाड बुडाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. अशा आपत्तीत बुडालेल्या गाड्या नाहीशा होत नाहीत. विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढलेल्या गाड्याही भंगाराच्या भावात लिलावात जातात, डागडुजी होऊन दूरच्या गावी पुन्हा विक्रीला येतात. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना इंजिन सुरू केले तर पाणी दाबले जात नाही. त्या धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. तो किंचितच वाकला असेल तर गाडी काही महिने चालतेही आणि मग एके दिवशी घात करते. तेलाच्या कांडीवर दुधाळ साय दिसणे, आसनांखाली चिखलाचा थर किंवा कुबट वास असणे, पट्ट्याच्या मुळाशी मातीची रेघ असणे ही पुराची खूण. खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी खालून पोखरलेली असते. म्हणून ती रॅम्पवर चढवून तळ पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

कागद हाच साक्षीदार

एवढे सारे हक्क असताना ग्राहक हरतो कुठे? तो कागदापाशी हरतो. ओळखीच्या माणसाकडे पावती मागायची कशी, हा संकोच त्याला नडतो. रोख रक्कम दिली जाते, बोललेले शब्द वाऱ्यावर जातात. आयोगापुढे मात्र पुरावा लागतो. म्हणून सौद्याच्या वेळीच एका कागदावर चार गोष्टी विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्याव्यात : गाडी किती किलोमीटर धावली, मोठा अपघात किंवा पूर यांतून गेली आहे का, इंजिन उघडले गेले आहे का, आणि दोष निघाल्यास किती दिवस जबाबदारी घेतली जाईल. अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास पाहावा. पैसे बँकेमार्फत द्यावेत. मालकी हस्तांतराचे अर्ज पेण किंवा पनवेलच्या परिवहन कार्यालयात मुदतीत दाखल करावेत. नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे हे काम विकणाऱ्याच्याही हिताचे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र आवश्यक झाले आहे. ते पाहायला मागावे.

दोष निघालाच तर घाईने इंजिन उघडू देऊ नये. एकदा ते उघडले की मूळ दोषाचा पुरावाच नाहीसा होतो. आधी जाणकार केंद्राचा लेखी अहवाल घ्यावा, छायाचित्रे काढावीत, विक्रेत्याला लेखी नोटीस द्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जावे. गाडी मुंबईत किंवा पुण्यात घेतली असली तरी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे अलिबागच्या आयोगापुढे, तक्रार चालू शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि वकील देणे सक्तीचे नाही. मात्र अपेक्षाही वाजवी हवी. भाग बदलून दोष जात असेल तर संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुतीच्या प्रकरणात म्हटले आहे.

विक्रेत्याचाही धर्म

ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू, ती जुनी असली तरी, तीस दिवसांत नाकारता येते. अमेरिकेत विक्रेत्याने जुन्या गाडीवर हमी आहे की नाही याची पट्टी लावलीच पाहिजे, असा नियम १९८५ पासून आहे. भारतातही प्रत्येक अधिकृत विक्रेत्याला गाडीच्या दोषांचे लेखी निवेदन सक्तीचे केले पाहिजे. कौटिल्याच्या संस्थाध्यक्षाला जे सुचले, ते आजच्या शासनाला अशक्य असण्याचे कारण नाही.

पण सारे शासनावर सोपवून चालणार नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदाच नव्हता. तो यायला आणखी बारा वर्षे लागली. आधी समाज जागा झाला, मग कायदा आला. आज कायदा आहे. त्याला वापरणारा माणूस हवा. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी तक्रार लिहून देण्याचे आणि विश्वासू मेकॅनिकची ओळख करून देण्याचे काम अंगावर घेतले, तर अनेक घरांची पुंजी वाचेल.

आणि शेवटी एक प्रश्न प्रत्येक सज्जन कुटुंबाने स्वतःलाही विचारावा. आज जो गाडी घेतो, तो चार वर्षांनी तीच गाडी विकायला काढतो. त्या वेळी इंजिनचे दुखणे तो घेणाऱ्याला सांगतो का, की ‘तो बघून घेईल’ म्हणून गप्प बसतो? पावती मागणे म्हणजे ओळखीच्या माणसावर अविश्वास नव्हे, आणि दोष सांगणे म्हणजे तोटा नव्हे. या दोन गोष्टी घराघरांत रुजल्या, तर कार्लेखिंडीत धूर ओकत थांबलेल्या गाडीशेजारी हताश उभे राहण्याची पाळी कोणावर येणार नाही.