जुन्नरच्या कातळावरची माणसं

जुन्नरला आलेली बहुतेक माणसं शिवनेरी आणि लेण्याद्री करून परततात. शिवजन्मस्थानासमोर हात जोडायचे, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं आणि ऊन उतरायच्या आत पुण्याचा रस्ता धरायचा. त्या श्रद्धेला कुणी नाव ठेवू नये. जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत शिवनेरीचं नाव वाचलं तेव्हा मलाही भरून आलं होतं. पण या तालुक्याचा वारसा तेवढ्यावर थांबवला, तर डोंगरात खोदलेली कितीतरी माणसं आपण पुन्हा एकदा विसरतो.

लेण्याद्रीचंच घ्या. गणपती ज्या लेण्यात आहे तो बौद्ध भिक्षूंचा विहार, आणि त्याला लागून एक देखणं चैत्यगृह आहे. ते कुण्या राजानं दिलेलं नाही. कल्याणच्या एका सोनाराच्या मुलानं, सुलसदत्तानं, ते दान केलं आणि दारावर तसं कोरून ठेवलं. कल्याणचा माणूस इतक्या वर का आला, याचं उत्तर पश्चिमेला नाणेघाटात आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच घाटानं वर चढायचा, जुन्नरला थांबायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आजही लोक जकातीचा म्हणून दाखवतात.

माल आला तशी माणसंही आली. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे व्यावसायिकांच्या संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं खोदवलं. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे लोक दानाची ठेव ठेवत. अदुथुम नावाच्या एका शकाचं दान मला सगळ्यांत जवळचं वाटतं: त्यानं करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी जमीन दिली. कुणीतरी येईल, सावलीला बसेल, एवढ्यासाठी. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशातून आलेला माणूस इथल्या मातीत वड लावायची तजवीज करतो आणि ती दगडावर लिहून ठेवतो, याहून मोठी आपुलकीची खूण मला तरी ठाऊक नाही.

नाणेघाटाच्या गुहेत मात्र राजघराणं आहे, आणि त्यातही आवाज एका बाईचा आहे. सातवाहनांची राणी नागनिका. दोन भिंतींवर ब्राह्मी लिपीत तिनं यज्ञांची आणि दक्षिणेची यादी कोरवली: कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे. भारतातले फार जुने अंकही याच भिंतींवर आहेत. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि कुमारांचे पुतळे होते. आता वर त्यांची नावं आणि खाली पावलांच्या खुणा, एवढंच उरलंय. पावसाळ्यात इथे गर्दी उसळते ती उलट्या धबधब्यासाठी. गुहेत माणसं शिरतात ती बहुधा पाऊस चुकवायला. ज्या भिंतीला टेकून ती उभी राहतात, ती महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत मोलाच्या भिंतींपैकी एक आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. याचा मला मनापासून राग येतो, आणि तो त्या पोरांवर नाही.

नाणेघाटाकडच्या या वाटेवरच चावंड, हडसर आणि जीवधन हे किल्ले आहेत, पूरचं कोरीव कुकडेश्वर आहे. जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यात बारा खांबांचं गोल चैत्यगृह आहे, तसं दुसरीकडे क्वचितच दिसतं. या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज राहतो. हिरडा गोळा करत हेच डोंगर तुडवणाऱ्या या माणसांना कोणतं टाकं कधी आटतं आणि कोणती वाट पावसात धरू नये, हे तोंडपाठ असतं. वारसा जपण्याच्या बैठकांत त्यांना खुर्ची मिळायला हवी, आणि नुसत्या मान डोलावण्यासाठी नव्हे. भिंतींची राखण तेच करू शकतील, कारण ते तिथे बाराही महिने असतात. त्यासाठी त्यांना पगार द्यावा.

आणि एक साधी गोष्ट या वर्षीच करता येईल. प्रत्येक शिलालेखाशेजारी एक पाटी लावावी. मूळ ओळी देवनागरीत, खाली आजच्या मराठीत अर्थ. तालुक्यातल्या शाळांनी सहल काढावी तर आधी इथे काढावी आणि सातवीतल्या मुलीनं ती पाटी मोठ्यानं वाचावी. बुरूड, कासार, धान्यविके, कल्याणचा सोनार, दूरदेशीचा इरिल. यांतल्या एखाद्या धंद्याचं घर तिच्या गावात अजून असेल, तर ते तिला शिक्षकांनी मुद्दाम दाखवावं.